आमच्या घरचा दमेकरी

मांजरालाही दमा होतो, असे काही वर्षांपूर्वी कोणी आम्हांस सांगितले असते, तर ती थट्टा समजून आम्ही सोडून दिली असती. दमा हा आमच्या समजुतीप्रमाणे माणसांचा, त्यातही उतारवयाच्या माणसांचा रोग. ज्या प्राण्याच्या अंगी उंच भिंतीवरून उडी टाकून चारी पायांवर उभे राहण्याचे सामर्थ्य आहे, तो प्राणी चार पावले चालून धापा टाकील, हे कोणाच्या ध्यानी यावे? परंतु आमच्या घरी ते घडले. आणि त्या एका मुक्या जीवासाठी आम्हांस आपल्या घराची जी फेरमांडणी करावी लागली, तिची हकीकत आम्ही येथे देत आहो. ज्यांस मांजरांचे वावडे आहे अशा वाचकांनीही पाने उलटण्याची घाई करू नये. कारण हकीकत मांजराची असली, तरी ती केवळ मांजराची राहिली नाही.

या मांजराचे नाव पंत. सहा वर्षांपूर्वीच्या आषाढात, आमच्या जिन्याखाली सायकलींच्या मागे ते भिजून कुडकुडत बसलेले आमच्या सौभाग्यवतींस आढळले. अंग सगळे पांढरे, आणि दोन्ही कानांवरून कपाळापर्यंत उतरलेला काळा पट्टा, पगडी चढविल्यासारखा. त्या पट्ट्यावरून आणि त्यांच्या संथ, भारदस्त चालीवरून हे नाव पडले. आणि नाव पडल्यावर त्यांचा उल्लेखही ओघानेच अनेकवचनी होऊ लागला. आमच्या घरात जिला अहोजाहो केले जाते अशी पुरुष व्यक्ती पूर्वी एकच होती. आता दोन आहेत, आणि त्यांत पहिला मान पंतांचा आहे.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात पंतांस खोकला येऊ लागला. अंग जमिनीसरसे दाबून, पुढच्या पायांचे कोपरे बाहेर काढून आणि मान लांब करून ते बसत, आणि घशातून कोरडा, ओढून काढल्यासारखा आवाज निघे. अर्धा मिनिट हे चाले. मग एकदा गिळल्यासारखे करून, जणू काही झालेच नाही अशा मुद्रेने ते मिशा साफ करू लागत. मांजरे अंग चाटतात, पोटात केस जातात आणि त्यांचा गोळा ती ओकून टाकतात, एवढे ज्ञान आम्हांस होते. तेवढ्या भांडवलावर 'केसांचा गोळा' असे निदान करून आम्ही चार महिने स्वस्थ बसलो. या चार महिन्यांत गोळा एकदाही बाहेर पडला नाही, ही गोष्ट आमच्या चौकस बुद्धीस खटकावयास हवी होती. ती खटकली नाही. तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेले ते आमच्या मातुःश्रींचे. पंत एकदा असे बसले असताना ती जपाची माळ हातात तशीच धरून त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "हा ओकत नाहीये रे," ती म्हणाली, "ह्याला श्वास पुरत नाहीये." आम्ही हसून विषय बदलला.

होळीच्या रात्री तिचे म्हणणे खरे ठरले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी होळी पेटली होती, आणि धुराचा लोट तिसऱ्या मजल्यावरील आमच्या खिडक्यांतून आत येत होता. अकराच्या सुमारास पंत पलंगाखालून बाहेर आले, ते तोंड उघडे टाकून. मांजर कुत्र्यासारखे तोंड उघडून श्वास घेऊ लागले म्हणजे प्रसंग आणीबाणीचा असतो, ही गोष्ट आम्हांस त्या रात्री कळली. वाचकांनी ती आधीच लक्षात ठेवावी. हिरड्या निळसर पडल्या होत्या आणि प्रत्येक उच्छ्वासासरशी पोट आत ओढले जात होते. रिक्षेतून जनावरांच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंतची वीस मिनिटे आमच्या सौभाग्यवती एक शब्द बोलल्या नाहीत. तेथे पंतांस प्राणवायूच्या पेटीत ठेवले, दोन इंजेक्शने दिली, आणि तासाभराने त्यांनी डोळे मिटले तेव्हा ते झोपेने मिटले.

तेथील डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलण्यात स्पष्ट. दुसऱ्या दिवशी त्यांनी छातीचा एक्स-रे आम्हांस उजेडावर धरून दाखविला. श्वासनलिकांच्या भिंती जाड झाल्यामुळे फुप्फुसांच्या चित्रात बारीक बारीक कडी विखुरल्यासारखी दिसत होती. रक्त तपासले, विष्ठा तपासली; फुप्फुसांतील जंत आणि हृदयाचा विकार यांनीही असाच खोकला येतो, म्हणून त्या शंका आधी फेडून घेतल्या. मग त्यांनी रोगाचे स्वरूप सांगितले, ते आम्हांस समजले तसे येथे देतो. श्वासनलिकांचे आतले अस्तर एखाद्या क्षुल्लक कणास शत्रू समजून सुजते, सभोवतालचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो; हवा कशीबशी आत जाते, परंतु बाहेर पडताना अडकते. माणसांच्या दम्यात जे घडते तेच हे. मांजरांतील या रोगाचे वर्णन १९०६ सालापासून छापील वाङ्मयात आहे, आणि शंभर मांजरांत एकापासून पाचांपर्यंत मांजरांस तो असावा असा अंदाज करतात. तो मुळापासून बरा होत नाही. ताब्यात ठेवता येतो.

"औषध मी देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण औषध एकट्याने पुरं पडणार नाही. घर बदलावं लागेल."

"म्हणजे दुसरीकडे राहायला जायचं?" मातुःश्रींनी विचारले.

"नाही, आजी. ह्याच घरातली हवा बदलायची."

घरातली हवा! जन्मभर ज्या हवेत आपण वाढलो तिच्यात बदलण्याजोगे काय आहे, हे आम्हांस प्रथम उमजेना. तेव्हा एके सकाळी, ऊन खिडकीतून तिरपे येत असताना, आम्ही जमिनीवर पालथे पडून पंतांच्या नाकाच्या उंचीवरून आपले घर पाहिले. हा प्रयोग कोणीही करून पाहावा. उभ्या माणसास जे घर स्वच्छ दिसते, ते वीतभर उंचीवरून अगदी निराळे दिसते. त्याच वेळी कामाच्या मावशी केरसुणीने केर काढीत होत्या. केर दाराकडे जात होता खरा. परंतु त्याचा सूक्ष्म भाग वर उठून उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होता, आणि मावशी पुढे गेल्यावर आस्ते आस्ते खाली येऊन पुन्हा फरशीवर बसत होता. म्हणजे आम्ही रोज धूळ काढीत नव्हतो; तिला रोज सकाळी उठवून पुन्हा निजवीत होतो. त्या दिवसापासून कोरडा केर बंद झाला. आधी ओले फडके, आणि आठवड्यातून दोनदा बारीक कण धरून ठेवणाऱ्या गाळणीचे झाडण-यंत्र. तेही पंतांस दुसऱ्या खोलीत ठेवून. दिवाणखान्यातील गालिचा एका नातलगाकडे गेला. जाड पडदे उतरवून सुती, वरचेवर धुता येतील असे लावले. पंतांच्या निजण्याच्या गोधड्या दर आठवड्यास कढत पाण्यात धुतल्या जाऊ लागल्या. कारण अंथरुणातील धुळीत राहणारे डोळ्यांस न दिसणारे किडे पाणी पंचावन्न-साठ अंश कढत असल्याशिवाय मरत नाहीत.

सर्वांत मोठा चोर मात्र पंतांच्या स्वतःच्या वस्तूंत निघाला. त्यांच्या देहधर्मासाठी जी पेटी असते तिच्यात आम्ही बेंटोनाइट नावाची चिकणमाती घालीत असू. ही माती ओल लागताच गोळा होते, म्हणून सोयीची. परंतु पिशवीतून ओतताना तिचा पिठासारखा ढग उठतो, आणि पंत तीत उकरू लागले म्हणजे तो ढग नेमका त्यांच्या नाकाशी येतो. त्यातून आमची पेटी झाकणाची; म्हणजे धूळ आतल्या आत कोंडलेली. झाकण काढले, आणि मातीच्या जागी लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या आणल्या. पंतांनी त्यांकडे पाहिले, एक पाय ठेवला, झटकला, आणि आमच्या धुऊन ठेवलेल्या धोतरांच्या घडीवर आपला निषेध नोंदविला. मांजरास बदल एकदम केलेला चालत नाही. मग तीन भाग जुनी माती आणि एक भाग कांड्या असा आरंभ करून, महिनाभराने आम्ही निव्वळ कांड्यांवर आलो. या महिन्यात आमची धोतरे कपाटाबाहेर राहिली नाहीत.

कपाटांतील डांबरगोळ्या त्याच सुमारास गेल्या. त्या मांजरास विषारीच असतात. सुवासिक फवारे गेले, अंगास लावावयाची पावडर गेली. डास पळवून लावणारी हिरवी वेटोळी गेली. हिचा धूर किती असतो ते आम्हांस ठाऊक नव्हते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, असे एक वेटोळे जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. आम्ही स्वतः कधी विडीही ओढली नाही म्हणून मित्रमंडळीत प्रौढी मिरवीत आलो. आणि रोज रात्री उशाशी एवढ्या सिगारेटी पेटवून झोपत होतो! त्यांच्या जागी आता खिडक्यांस जाळ्या व पलंगास मच्छरदाणी आहे. मच्छरदाणीचा पंतांनी पहिल्याच आठवड्यात झोपाळा केला, ती गोष्ट निराळी.

स्वयंपाकघराचा प्रश्न सौभाग्यवतींनी परस्पर सोडविला. मिरचीची फोडणी आणि मसाल्याची भाजणी ही कामे दार लावून, हवा बाहेर फेकणारा पंखा चालू करून होतात. पावसाळ्यात उत्तरेकडील भिंतीस बुरशी धरते, ती खरवडून, भिंत वाळवून पुन्हा रंगविली. रंगाचा वास जाईपर्यंत पंत पंधरा दिवस आमच्या मेहुण्यांकडे पाहुणे होते. ओले कपडे घरात वाळत घालणे बंद झाले. शेजारच्या काकूंनी निलगिरीच्या तेलाची वाफ द्यावयास सांगितले होते. ती त्यांनी आपुलकीनेच सांगितली. परंतु निलगिरी, कापूर इत्यादिकांचे अर्क मांजराचे यकृत माणसाच्या यकृतासारखे पचवू शकत नाही, आणि जे आपणांस औषध ते त्यास विष होते. माणसांची तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीदेखील मांजराचा प्राण घेते. दुखणाइताच्या घरी सल्ला देणारे फार जमतात. मांजराच्या बाबतीत त्यांच्यापासून जपणे विशेष अवश्य आहे.

आता औषधाविषयी. आरंभी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या होत्या. परंतु त्या वर्षानुवर्षे दिल्यास वजन वाढते, मधुमेहाची भीती असते. म्हणून पुढे माणसे घेतात तोच फ्लुटिकासोनचा इन्हेलर सुरू झाला. मांजरास 'आता दीर्घ श्वास घ्या' असे सांगता येत नाही. त्याकरिता एक नळकांडे असते. त्याच्या एका टोकास औषधाची डबी, दुसऱ्या टोकास नाकतोंड झाकणारा मऊ मुखवटा. डबी हलवून दाबावयाची, आणि पंतांनी सात ते दहा श्वास घेईपर्यंत मुखवटा धरून राहावयाचे. नळकांड्यातील एक छोटी पट्टी प्रत्येक श्वासासरशी हलते, तीवरून मोजदाद होते. हे वाचावयास सोपे आहे. आम्हांस त्याला पाच आठवडे लागले. पहिला आठवडा मुखवटा नुसता ताटलीशेजारी पडून होता. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या कडेस मासळीच्या चवीचा खाऊ लावला. हा खाऊ आमच्या घरी येणे हाही एक इतिहासच आहे. मातुःश्री तो स्वतः लावीत, मात्र मान दुसरीकडे वळवून. तिसऱ्या आठवड्यात मुखवटा एका श्वासापुरता नाकाशी, मग दोन, मग चार. औषधाची डबी अगदी शेवटी लावली. तिचा 'फुस्स' हा आवाज मांजरास दुसऱ्या मांजराच्या फिसकारण्यासारखा वाटतो, म्हणून तिलाही आठवडा गेला. या औषधाचा गुण एक-दोन आठवड्यांनी दिसू लागतो. ऐन धाप लागली असता त्याचा उपयोग नाही. त्यासाठी साल्ब्युटामॉलची निराळी डबी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असते. सकाळी साडेसहा आणि सायंकाळी साडेसहा, या वेळा ठरून गेल्या. आमची स्वतःची संध्या केव्हाच सुटली. पंतांचा प्राणायाम सुटत नाही.

एवढे सगळे झाले, आणि तरीही आठवड्यातून तीनचारदा खोकला उरलाच. डॉक्टरीणबाईंनी वही ठेवावयास सांगितले होते. खोकला कधी आला, त्यापूर्वी घरात काय चालले होते. दोन आठवड्यांची वही पाहिली आणि आम्ही ती हळूच मिटली. प्रत्येक नोंद सकाळी आठ ते नऊ यांमधील होती. आठ वाजता आमच्या घरी पूजा होते.

ही पूजा मातुःश्री करते. तिचे वय चौऱ्याऐंशी. उदबत्ती, गुरुवारी व सणावारी ऊद घातलेला धूप, आणि शेवटी कापूर. पासष्ट वर्षांच्या संसारात तिने घरातील पुष्कळ गोष्टींवरील हक्क एकामागून एक सोडला. स्वयंपाक सुनेकडे गेला, पैशाचे व्यवहार आमच्याकडे आले. देवघर तेवढे तिचे. मांजराकरिता धूप बंद कर, असे त्या म्हातारीस कोणत्या तोंडाने सांगावे? सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमची आई, तुम्ही सांगा." आम्ही म्हणालो, "तुमचे मांजर, तुम्ही सांगा." अशा रीतीने पाच-सहा दिवस गेले. वही आम्ही पुस्तकांच्या मागे ठेवून दिली होती.

एका गुरुवारी पूजा चालू असताना आम्हांस काहीतरी चुकल्यासारखे वाटले. घंटा झाली, फुले वाहिली, सहाणेवर चंदन उगाळल्याचा गंध आला. पण धुराचा वास आला नाही. देवघरात डोकावून पाहिले. उदबत्तीचे घर रिकामे होते. मातुःश्रीने चिमूटभर अक्षता उचलून देवावर वाहिल्या, तुपाचे निरांजन ओवाळले आणि नमस्कार केला. तिच्या मागे, दाराच्या उंबरठ्यावर, पंत बसले होते.

"आई, धूप?" आम्ही विचारले.

"उपचार जवळ नसेल तर अक्षता वाहाव्यात, हे तुला मुंजीत शिकवलं होतं ना?" ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, ताम्हन पुसता पुसता, "वन्संचंही असंच व्हायचं."

वन्सं म्हणजे आमची आत्या. आमच्या वडिलांहून ती नऊ वर्षांनी वडील. एकोणिसाव्या वर्षी वैधव्य येऊन माहेरी परत आली आणि पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात जन्मभर राहिली. तिला दमा होता, हे आम्हांस ठाऊक होते. घराला जिना असतो तसा आत्याला दमा होता. रात्री केव्हाही जाग आली तर ती मधल्या खोलीत, समोर दोन उशा रचून, त्यांवर कोपरे टेकून, मान पुढे काढून बसलेली दिसे. पंत बसतात तशीच. हे साम्य आमच्या ध्यानात आले नव्हते. मातुःश्रीच्या पहिल्याच दिवशी आले होते.

"स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं," ती सांगू लागली. "पहाटे चूल त्या पेटवायच्या. ओली लाकडं, फुंकणीनं फुंकायची. फुंकता फुंकता थांबायच्या, भिंतीला हात लावायच्या, पुन्हा फुंकायच्या. मामंजींना पूजेला धूप लागायचा. त्याचे निखारेही त्याच करून द्यायच्या. मी म्हटलं होतं एकदा, मी देते म्हणून. 'तुला जमायचं नाही' म्हणाल्या. त्यांना वाटायचं, तेवढं एक काम घेतलं तर घरात आपलं काय राहिलं?"

आम्ही काही बोललो नाही. धुपाटण्यात घालावयास नारळाच्या शेंड्या सोलून आणून देण्याचे काम आमच्याकडे होते. पेटलेल्या शेंडीवर ऊद पडला म्हणजे जो पांढरा लोट उठे, त्यात तोंड घालून खोल श्वास घेणे हा आमचा बालपणीचा आनंद. आत्या त्या वेळी मागच्या अंगणात जाऊन बसत असे. ती तुळशीपाशी बसते, असा आमचा समज होता.

तिच्यावर उपचार झाले नाहीत असे नाही. आमचे आजोबा कठोर नव्हते. वैद्य येत. कोजागरीस खिरीतून देतात ते औषध घेण्यासाठी तिला दोनदा परगावी नेले होते. फार धाप लागली म्हणजे धोतऱ्याची वाळलेली पाने निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर तिला देत. धोतरा विषारी असला तरी त्यात श्वासनलिका सैल करणारे द्रव्य आहे हे खरे, म्हणून घटकाभर बरे वाटे. म्हणजे धुराने आलेली धाप धुरानेच उतरवावयाची, आणि उतरली की पुन्हा चुलीपाशी. १९७३ च्या पावसाळ्यात ती गेली. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. दाबताच मोजकी मात्रा सोडणारी औषधाची डबी १९५६ साली निघाली होती, आणि आमच्या दाराजवळच्या खुंटीवर आज जे औषध पंतांसाठी टांगलेले आहे ते १९६९ पासून विलायतेत मिळत होते. आमच्या वाड्यापर्यंत त्यांतले काही आले नाही. गॅसची शेगडी आली, ती १९७५ साली.

यानंतर महिन्याभराने आम्ही पुस्तकांकडे वळलो. धुळीचे शेवटचे मोठे ठाणे तेच होते. उघडी फडताळे काढून काचेच्या दारांची कपाटे करविली, आणि एकेक पुस्तक ओलसर फडक्याने पुसून आत ठेवू लागलो. त्यांत आजोबांची चरकसंहिता हाती आली. आजोबा वैद्य नव्हते, शाळेत संस्कृत शिकवीत. परंतु वाचन दांडगे. सहज चिकित्सास्थान काढले. सतराव्या अध्यायात हिक्का आणि श्वास यांचा विचार आहे. कारणांची यादी सुरू होते तीच धुळीपासून. तिच्यामागोमाग धूर व वारा, मग थंड जागा आणि थंड पाणी. पुढे तमकश्वासाचे वर्णन आहे: रोग्यास निजले असता त्रास होतो, बसले असता बरे वाटते; ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी विकार वाढतो. आत्याचे हुबेहूब चित्र. त्या ओळींच्या समासात आजोबांनी पेन्सिलीने एक उभी रेघ ओढून ठेवली होती.

ती रेघ त्यांनी केव्हा ओढली, आत्या असताना की गेल्यानंतर, हे कळावयास मार्ग नाही. मातुःश्रीस आम्ही ते पान दाखविले. तिने चष्मा लावून पाहिले, रेघेवरून बोट फिरविले, आणि पुस्तक आमच्या हाती परत दिले. "पुसून ठेव," ती म्हणाली, "धूळ बसली आहे." ती धुळीविषयीच बोलत होती असे आम्ही धरून चाललो.

गणपतीत आमच्याकडे चुलत्यांचे, मामांचे असे पंचवीस-तीस माणूस जमते. यंदा आरती गॅलरीत झाली, कापूरही तेथेच. पंत मागच्या खोलीत, दाराच्या फटीस ओला पंचा लावून. आमचे एक वृद्ध आप्त, ज्यांची आम्हांस अद्याप भीती वाटते, त्यांनी हातातले तबक खाली ठेवून विचारले, "वहिनी, मांजरासाठी देवाचा धूप बंद केलात म्हणे?" आम्ही उत्तर जुळवीत होतो; परंतु मातुःश्री आमच्या आधी बोलली. "मांजरासाठी नाही, भावजी," ती म्हणाली. तिने याहून अधिक काही सांगितले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. कदाचित त्यांसही मधल्या खोलीतल्या त्या दोन उशा आठवल्या असतील. त्या वाड्यात त्यांचेही बालपण गेले आहे.

पंतांचा खोकला आता महिन्यातून एखाददुसऱ्या वेळेवर आला आहे. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री खिडक्या बंद करून आम्ही सगळेच मागच्या खोलीत बसतो. वजन वाढल्यास धाप वाढते, म्हणून जेवण तोलून मिळते, आणि या एका बाबतीत त्यांचे आमच्याशी कायमचे वैर आहे. निजलेल्या मांजराचे श्वास मिनिटास तिसांच्या आत असावेत. चाळिसांच्या वर गेले तर डॉक्टरांकडे जावे, असे आम्हांस सांगून ठेवले आहे. ही मोजणी रोज रात्री मातुःश्री करते. पंत तिच्या पायथ्याशी वेटोळे करून निजतात. ती डाव्या हातात घड्याळ धरते, उजव्या हातात माळ. आणि मोजताना कित्येकदा माळेचा मणीही पुढे सरतो, त्यामुळे जपाचा हिशेब चुकतो आणि तिला आरंभापासून मोजावे लागते. काल रात्री आम्ही दिवा मालवावयास गेलो, तेव्हा तिने बोट वर करून आम्हांस थांबविले.

"चोवीस," ती म्हणाली, आणि माळेचा पहिला मणी पुन्हा धरला.